कुवाबारा बाईंचा शिक्का

चिगुसाच्या खोकल्याच्या शेवटी वेगळाच आवाज आला, तेव्हा कुवाबारा बाईंनी हातातली नोंदवही खाली ठेवली.

शाळेच्या आरोग्यखोलीत त्यांची सदतीस वर्षं गेली होती. दम्याची शिट्टी श्वास सोडताना वाजते. हा आवाज श्वास आत घेताना येत होता. सात वर्षांची चिगुसा पलंगाची कड धरून खोकत राहिली, चेहरा जांभळा झाला, मग कोंबडा आरवल्यासारखा आवाज काढत तिनं श्वास आत ओढला आणि ती ओकली. दम्याचा फवारा दोनदा देऊनही उपयोग झाला नव्हता.

"बाई, माझ्या पोटात कोंबडा बसलाय," ती म्हणाली.

बाईंनी तिचं तोंड पुसलं आणि शाळेच्या डॉक्टरांना फोन केला. डांग्या खोकला वाटतोय, असं सांगितलं. लशी झाल्या आहेत ना, असं डॉक्टरांनी विचारलं. लशींची पुस्तिका बघून सांगते, असं म्हणून बाईंनी आधी रुग्णवाहिका मागवली.

चिगुसाची आजी, तोमे, कालवं सोलण्याच्या शेडमधून तशीच आली, रबरी बुटांसकट. मुलीला आई नव्हती. बाप ट्यूनाच्या बोटीवर, वर्षातले दहा महिने समुद्रात. आजीनं फडक्यात बांधलेली पुस्तिका पुढे केली. जन्मापासूनच्या सगळ्या लशी त्यात नोंदवायच्या असतात. डांग्या खोकल्याचा पहिला डोस झाला होता. पुढचे रकाने कोरे होते. गोवराचाही.

"नेलं नाहीत का, आजी?"

"लहानपणी सारखी आजारी, तेव्हा राहून गेल्या. शाळेत घातल्यापासून पाचदा तारीख घेतली की. पण त्या सकाळी घरी फॉर्म भरायचा असतो ना, आज तब्येतीत काही बिघाड आहे का म्हणून. खोटं कसं लिहू? हिचा खोकला रोजचाच. मग मीच तारीख पुढे ढकलायची."

"डॉक्टरांना विचारायचं तरी."

"त्यात काय विचारायचं? तुम्हीच लिहून दिलंत की." आजीनं पान उलटलं.

शाळाप्रवेशाच्या तपासणीचा शेरा होता. 'पूर्ण बरी झाल्यावर उरलेल्या लशी घेणे.' अक्षर बाईंचं. शेजारी सहीच्या जागी त्यांच्या नावाचा लाल गोल शिक्का: कुवाबारा.

आजीच्या स्वरात तक्रार नव्हती. शिक्का मारलेलं वाक्य तिनं पाळलं होतं, एवढंच. बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचलं. दमेकरी मूल पूर्ण बरं कधी होणार, हे लिहिताना त्यांच्या मनात आलं नव्हतं. ज्या मुलीला लशीची गरज सर्वांत जास्त, तिलाच त्यांनी थांबवून ठेवलं होतं.

चिगुसाला न्यूमोनिया झाला. ती चार आठवडे शहरातल्या इस्पितळात होती. त्यातले नऊ दिवस प्राणवायूवर. त्या दिवसांत बाईंनी शाळेतल्या सगळ्या दमेकरी मुलांची कार्डं काढली. आणखी चौघांना त्यांनी तेच वाक्य लिहून दिलं होतं. त्या सायकलवरून चारही घरी गेल्या. साधा खोकला असला तरी मुलाला न्या, टोचायचं की थांबायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या, असं सांगून आल्या. मुख्याध्यापकांनी सुचवलं, की चिगुसाच्या पुस्तिकेतल्या त्या वाक्यावर नवी चिठ्ठी चिकटवून टाकावी, म्हणजे विषय संपेल. बाईंनी ते केलं नाही.

मार्चमध्ये चिगुसा शाळेत आली. गणवेश तिच्या अंगावर लोंबत होता. आजीनं पुस्तिका टेबलावर ठेवली.

"उद्याची तारीख मिळालीय, गोवराची. पण हे वाक्य असंच राहिलं, तर फॉर्म भरताना माझा हात अडणार, बाई. तेवढं दुरुस्त करून द्या."

बाईंनी पट्टी घेतली आणि जुन्या वाक्यावरून दोन समांतर रेघा मारल्या, खालचं अक्षर वाचता यावं अशा. कचेरीच्या कागदावर चूक अशीच दुरुस्त करतात, वर आपला शिक्का मारून. खाली लिहिलं, 'खोकला असला तरी डॉक्टरांना दाखवून ठरल्या दिवशी लस घेणे.' मग शिक्का काढला. त्याच्यावरची शाई सुकली होती.

"मी तोंडाची वाफ देऊ?" चिगुसानं विचारलं.

बाईंनी शिक्का तिच्या तोंडासमोर धरला. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि हळूहळू त्याच्यावर सोडला. बाईंनी सवयीनं कान दिला. शेवटाला बारीक शिट्टी होतीच. त्यांनी रेघांवर शिक्का दाबला आणि उमटेपर्यंत हात उचलला नाही.