गरम खोलीतली रोपं

उष्णता चढली की रोपाच्या पेशी रायबोसोम बनवणं थांबवतात. रायबोसोम म्हणजे प्रथिनं घडवणारी यंत्रं. ती उभी करणं पेशीला फार महाग पडतं, म्हणून हेच काम आधी बंद होतं. आमच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत हिमबिंदूला मात्र भाताचा एक वाण सापडला होता, ज्यात हे काम उष्णतेतही चालूच दिसे. तिचा सगळा प्रबंध त्यावर उभा होता, आणि तिचे मार्गदर्शक नरसिंग राव सर लवकरच दिल्लीच्या परिषदेत तेच सांगणार होते.

मला काही ते पटत नव्हतं. मी तिची सीनियर, तोंडाने फटकळ. एकदा ती तपासणीसाठी रोपं कापायला निघाली तशी मीही मागे गेले. तिने बेचाळीस अंशांच्या खोलीतून ट्रे उचलला आणि सरळ एसीतल्या टेबलावर आणून ठेवला. मग हातमोजे शोधले, फोनवर आईकडे गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी मागितली आणि निवांत कापायला बसली.

"अगं, रोपं गार होतायत इथे!"

"मग काय अक्का, त्या भट्टीत बसून कापू? वितळेन मी."

"नाव हिमबिंदू आहे म्हणून लगेच वितळायला नको. ऊठ!"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गरम खोलीत घामाच्या धारांत बसलो आणि कापलेलं प्रत्येक रोप तिथल्या तिथे द्रव नायट्रोजनमध्ये टाकलं, म्हणजे पेशी होत्या तशाच गोठतील. निकाल आला. रायबोसोमसाठी लागणारा आरएनए कच्चाच साचलेला, जुळणी ठप्प. तिचा वाणही इतरांसारखाच थांबत होता; टेबलावर गारवा मिळाला की काम पुन्हा सुरू करत होता, एवढंच.

हिमबिंदूचा चेहरा पडला. माझं खरं ठरलं होतं, पण मला जराही आनंद झाला नाही.

"सर दिल्लीहून आल्यावर सांगू या का?" तिने विचारलं.

"आणि तिथे कुणी पकडलं म्हणजे?"

ती उठली आणि स्वतःच सरांकडे गेली. मी पाठोपाठ. सर्व ऐकून सर भडकले.

"एसीत कापलीस? इतकी वर्षं? अम्मा, पोरी, मला तोंडघशी पाडलं असतंस!"

ती रडू लागली. सर येरझाऱ्या घालता घालता थबकले.

"तुलनेचा दुसरा वाण कुठे कापायचीस?"

"तिथेच, सर. त्याच टेबलावर, बरोबरीनेच."

"त्यात काम बंदच दिसायचं ना?"

"हो, सर."

"मग गारवा तर दोघांनाही मिळाला," सर खुर्चीत बसत म्हणाले. "मग तुझाच वाण एवढ्या लवकर कसा कामाला लागला?"

हिमबिंदूने ओढणीने डोळे पुसले आणि माझा हात धरला. "अक्का, चल. दोन्ही ट्रे गरम खोलीत ठेवू, मग बाहेर काढून कोण किती लवकर कामाला लागतं ते मोजू."