सुतकातली दारं

अण्णा गेले त्या संध्याकाळपासून आमच्या घरातली दारं बुजायला लागली. त्यात नवल काही नव्हतं. आमच्या घराला दारं यायची ती हसण्यानं. जेवताना अण्णा पोट धरून हसले की कुठल्यातरी भिंतीत नवं दार दिसायचं, आणि पलीकडे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात न आलेलं काहीतरी असायचं. माझ्या धाकट्या बहिणीला, नलूला, बँकेत चिकटायचं होतं. एकदा हसता हसता न्हाणीघराशेजारी दार उघडलं, पलीकडे होड्या बांधायचं आवार होतं, आणि ती सरळ तिथं सुतारकाम शिकायला जाऊ लागली. मिरजेत समुद्र नाही, ही अडचण तेव्हा कुणालाच सुचली नाही.

सुतकात हसायचं नसतं, ते ठीकच आहे. पण आमच्याकडे भेटायला येणाऱ्यांची रीत अशी, की प्रत्येकानं आईचा हात धरायचा, असं कसं झालं हो म्हणायचं, आणि आईनं पुन्हा पहिल्यापासून रडायचं. दर भेटीला एक दार जायचं. परसाचं गेलं, स्वयंपाकघराचं गेलं. मग आतल्या खोलीचं गेलं, तेव्हा नलू आत होती.

मी भिंतीला कान लावून तिच्याशी बोलायचो. आधी ती म्हणाली, खिडकीही बुजलीय. मग म्हणाली, खाटेवर बसलं की गुडघे भिंतीला लागतात. आज सकाळी तिनं सांगितलं, की खाट उभी करून ठेवलीय आणि तीही उभीच आहे. तिचा आवाज अगदी शांत होता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पहारीनं भिंत फोडून पाहिली, तर आत नुसती भिंतच होती. मग भिंतीसमोर उभं राहून हसून पाहिलं. खडूनं काढल्यासारखी चौकट उमटली, पण तिला कडी नव्हती. खोटं हसू भिंतीला कळतं, आणि माझं खरं हसू भीतीनं आटलं होतं. उरली आई. तिच्याशेजारी अण्णांचे धाकटे भाऊ, वसंतकाका, मांडी ठोकून बसले होते. नलू गुदमरेल, मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, तेरावा होऊ दे, गोडाचं जेवण होऊ दे, मग हसायला कुणाची ना आहे? आत्ता लोक काय म्हणतील?

दुपारी दिगंबरतात्या आले. अण्णांचे शाळेपासूनचे मित्र. ते रडले, त्यांनी आईला रडवलं, आणि बाहेरचं दार आणखी अरुंद झालं. मग ते उठले. भेटायला आलेल्यानं निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. गुपचूप उठून जायचं, नाहीतर पुन्हा तसल्याच कामाला यावं लागतं. पण तात्यांना जन्माची सवय.

"बरं वहिनी, येतो," तात्या म्हणाले.

"या हं," आई म्हणाली. "पुढच्या वेळी जेवूनच जा."

सगळे गार पडले. आईनं तात्यांकडे बघितलं, तात्यांनी आईकडे, आणि आईला हसू फुटलं. अगदी पोटातून.

भिंत सरळ उभी उलली. फटीत नलू होती आणि तिच्या पाठीमागे लांबवर निळं पाणी. तिनं हात बाहेर काढला. मी तो धरला.

"वहिनी," काका म्हणाले, "दादाला जाऊन आठवडा नाही झाला. शोभतं का हे?"

आईनं तोंडाला पदर लावला. फट मिटायला लागली. मी नलूला ओढत होतो आणि आईला म्हणत होतो, हस, थांबू नकोस. त्यानं ती जास्तच ओशाळली. भिंत नलूच्या मनगटाशी येऊन थांबली. हात तेवढा बाहेर राहिला. तो गरम होता आणि त्यानं माझी बोटं घट्ट धरली होती.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या पेंडसेबाई आल्या. दारातून आडव्या होऊन आत शिरल्या. उन्हातून आल्यामुळे त्यांना धड दिसत नव्हतं. समोर आलेला हात त्यांनी माझ्याकडून सोडवून आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्याच्यापाशी हुंदके देऊ लागल्या. नलूची बोटं त्यांना हळूहळू थोपटू लागली.

आईनं ते पाहिलं. पदरात तोंड खुपसून ती पुढं वाकली आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले. ती रडतेय की हसतेय, मला कळेना. मी मनगटाभोवतीच्या भिंतीकडे बघत राहिलो.