करंजाची तिसरी रांग

समीक्षाचा माणसांपेक्षा झाडांवर जास्त विश्वास. झाड खोटं बोलत नाही, असं ती म्हणायची. म्हणून बाळकुममधल्या तिच्या सोसायटीने बागेत काय लावायचं ते तिच्यावरच सोपवलं होतं. हल्ली ऊन भाजून काढतं आणि पाऊस एकदम कोसळतो, तेव्हा दोन्ही सोसणारी झाडं हवीत. ती स्वतः सी विंगच्या तळमजल्यावर राहायची. आईला जिने चढवत नव्हते, म्हणून हट्टाने घेतलेलं घर. आईने तर जाहीर केलं होतं, आता मरेपर्यंत इथून हलणार नाही.

पहिल्या वर्षी बकुळ लावली. कुंपणाकडची रांग जळाली. दुसऱ्या वर्षी कडुनिंब लावले, तर दुसरी रांग गेली. यंदा करंज. करंज कशालाच दाद देत नाही, पण मेच्या भर दुपारी तिसरी रांगही करपलेली दिसली. पाणी रोज होतं, वाळवी नव्हती. मरण रेघ मारल्यासारखं सरळ इमारतीकडे सरकत होतं.

बाकावर कमळाबाई बसली होती. ही जमीन मूळची तिच्या सासऱ्याची, पूर्वी इथे मिठागर होतं.

"माती चाखलीस काय गो?"

"लॅबमध्ये पाठवलीय ना, आजी. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट येईल."

"रिपोटाला जीभ हाय काय?" म्हातारीने चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. "खारं पानी वर आलंय. माजे सासऱ्यानी बांद घातला, तवा नारल देऊन दर्याला इचारलेलं, इतकीच जागा घेतो म्हनून. तुमी कुनाला इचारलंत?"

"मग आता लावू तरी काय?"

"तू कशाला लावतेस? दर्या आपली झारं आपनच लावतो."

म्हातारीने काठीने दाखवलं. वाळलेल्या करंजांच्या बुडाशी ओल्या मातीतून काळी, बोटाएवढी मुळं उभी वर आली होती. खाऱ्या पाण्यातच वाढणाऱ्या तिवराची. खाडी रस्त्यापलीकडे, आणि भरतीचं पाणी इथे चाळीस वर्षांत फिरकलं नव्हतं. समीक्षाने पावलं मोजली. एका रांगेपासून दुसरीपर्यंत बारा. तिसरीपासून सी विंगच्या भिंतीपर्यंतही बाराच.

ती जवळजवळ धावतच घरी आली.

"बरं झालं आलीस," आई म्हणाली. "मागच्या अंगणातली तुळस बघ ना. रोज पाणी घालते तरी मान टाकतेय. आणि ओट्याखालच्या फरशीच्या सांध्यातून कसले गं काळे कोंब येतात? काल उपटले, आज परत हजर."

समीक्षा अंगणात उकिडवी बसली. तुळशीखालची चिमूटभर माती तिने जिभेवर ठेवली. खारट.

"हे काय गं? माती कसली खातेस?" आई भिंतीला धरून दारात आली.

"आई," समीक्षा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "आपल्याला हलावं लागणार गं."