शतकाच्या बोलीवरची टोपी

एनॉक थ्रेल पस्तिशीला टेकला तरी काउंटी संघाची मानाची टोपी काही त्याच्या डोक्यावर आली नव्हती. टोपी मिळाली की हिवाळ्यातही पगार चालू. नाहीतर थंडी पडली की कोळशाची पोती वाहायची. यंदा मात्र कप्तान लॅसल्स साहेब स्वतःहून म्हणाले होते, "थ्रेल, या सामन्यात शतक ठोक. टोपी तुझी."

"देतील हो," त्याची बायको नेल म्हणाली होती. "आधी त्यांचे पाहुणे तर येऊ देत."

पाहुणे आलेच. ऑगस्टात शाळा सुटल्या की मास्तर लोक हौसेनं खेळायला येत आणि पोटासाठी खेळणारा कुणीतरी बाहेर बसे. या खेपेला एनॉकची जागा वाचली, पण समोरच्या टोकाला येऊन उभे राहिले ते त्या मास्तरांतलेच फेनविक साहेब.

अठ्ठ्याण्णववर असताना एनॉकनं चेंडू कव्हरकडे ढकलला. धाव नव्हतीच. फेनविक मात्र निघाले.

"नको, साहेब! मागे फिरा!"

ते कसले फिरतात! थेट एनॉकच्या शेजारी येऊन थांबले. अशा वेळी पगारी माणसानं मुकाट बाहेर पडायचं आणि साहेबासाठी बाद व्हायचं, हे कुणी कधी लिहून ठेवलं नव्हतं, पण चुकतही नव्हतं. एनॉकनं गेल्याच वर्षी ते केलं होतं, याच फेनविकसाठी.

"चल ना, थ्रेल," फेनविक म्हणाले. जेवताना मीठ मागावं, तितक्या सहज.

एनॉकनं बॅट रेषेआड आणखी घट्ट रोवली. "ही माझी जागा आहे, साहेब."

समोरची यष्टी उडाली. फेनविक गेले. मैदानात एक टाळी वाजली नाही.

त्यांच्या जागी म्हातारा गोलंदाज जॉश टेंच धापा टाकत आला. "काय करून बसलास रे! आत सगळ्यांची तोंडं बघ जा."

"तू फक्त टिक. दोन धावा हव्यात."

"टिकतो की. माझ्या सासूपुढे टिकलोय मी!"

तेवढ्यात पॅव्हेलियनच्या बाल्कनीत लॅसल्स साहेब उठले आणि त्यांनी हात हलवला.

"बोलावतायत," जॉश म्हणाला.

"चहाला अवकाश आहे अजून."

"डाव इथंच घोषित केलाय त्यांनी, एनॉक."

समोरचा संघ पॅव्हेलियनकडे निघालासुद्धा. एनॉक जागचा हलला नाही. त्यानं बॅट पुन्हा रेषेवर उभी धरली.

"मधल्या यष्टीचा गार्ड द्या, अ‍ॅमॉस."

पंच अ‍ॅमॉसही जन्मभर पगारावरच खेळलेला. "कशाला रे बाबा? गोलंदाज गेला."

"द्या म्हणतो ना!"

अ‍ॅमॉसनं बाल्कनीकडे पाहिलं, मग एनॉककडे. निघालेला तो परत यष्टीमागे जाऊन वाकला. "जरा डावीकडे घे. अजून थोडी. हं, मधली."

एनॉकनं बुटाच्या टोकानं गवतात खूण खोल कोरली.

"झालं समाधान?" जॉशनं विचारलं.

"नाही," एनॉक म्हणाला.