अस्वलाच्या पोटातलं बिऱ्हाड

कुमाकच्या थापा बर्फाळ खाडीवरच्या त्या गावानं इतक्यांदा ऐकल्या होत्या, की त्याच्याआधी लोकच त्या पुऱ्या करत. त्यातली लाडकी एकच. पांढऱ्या अस्वलानं त्याच्या आज्याला अख्खा गिळला. आजा पोटात पडतो काय, पित्ताची नळी टाचेनं दाबून धरतो काय. पचनच बंद. अस्वल बाहेर सील मारतंय आणि आजा आत बसून चरबी ओरपतोय.

कुमाकला क्षय निघाला, तेव्हा दवाखान्यातल्या कोलेट नर्सनं त्याचीच थाप त्याच्या गळ्यात घातली. म्हणाली, छातीत हेच चाललंय तुमच्या. शरीराचे पहारेकरी जंतूला गिळतात, पण तो लबाड त्यांचा पाचकरस अडवून त्यांच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. खोकला थांबला म्हणजे तो मेला असं नाही, आजोबा. गोळ्या महिनोन्‌महिने घ्यायच्या, आणि मी सांगेपर्यंत बाळाला जवळ घ्यायचं नाही.

बाळ म्हणजे त्याच्या लेकीची, सिआजाची तान्ही उलायुक. कुमाकच्या मेलेल्या आईचं नाव तिला दिलेलं, आणि तिकडे नाव आलं की माणूसच परत आलं. म्हातारा नातीला आईच म्हणे. तिनं मागितलेलं नाकारणं म्हणजे आईला दारातून हाकलणं.

गोळ्यांनी खोकला बसला. अंगात रग आली. वसंतात गाव सीलच्या शिकारीला तंबूत गेलं, तेव्हा कुमाकनं गोळ्या घरीच ठेवल्या. आतल्या भाडेकरूला चहा पाजून वाटेला लावलाय, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. सिआजानं विचारलं, नर्सबाईंनी बाळाला घ्यायची परवानगी दिली का? त्यानं बेधडक हो म्हटलं. सिआजाच्या अंगरख्याच्या पाठीवरल्या, बाळ ठेवायच्या टोपरातून उलायुक त्याच्याकडे झेपावत होती.

"आता आईला नको म्हणू?" म्हणत त्यानं तिला उचललं, गालाला नाक लावून खोल हुंगलं. मग रोजच.

उन्हाळा सरता सरता खोकला परत आला, तो रक्त घेऊनच. पाठोपाठ बाळानं दूध प्यायचं सोडलं. ताप डोक्यात चढला, मान ताठली.

दक्षिणेच्या मोठ्या इस्पितळात न्यायला विमान येणार होतं. सिआजा बाळाला घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलेली, कुमाक तोंडाला पट्टी बांधून दाराशी. कोलेट खिडकीतून विमानाची वाट बघत होती. कुमाकला ते वाट बघणं सोसेना, म्हणून त्यानं काहीबाही गमतीचं सुरू केलं.

"थाप नको, बाबा," सिआजा म्हणाली. "बाई हो म्हणाल्या होत्या का, तेवढं सांगा."

"मी विचारलंच नव्हतं."

सिआजानं मान वर केली नाही. "मग ते मला नका सांगू. तुमच्या आईला सांगा."

तो बाकाशी गुडघ्यांवर बसला. उलायुकचे डोळे अर्धे उघडे होते, कुठेच बघत नव्हते.

"आई, मी खोटं बोललो," तो म्हणाला. मग बर्फातल्या सीलच्या बिळावर दबा धरावा तसा, छातीत मावेल तितका वेळ, आपला श्वास तिला लागू नये म्हणून तो रोखून तिच्याजवळ बसून राहिला.