गोल बुडाची जेबेना

मी एक जुनी, काळी, मातीची सुरई आहे, पण पाण्याची नव्हे. माझ्यात कॉफी उकळतात. मला जेबेना म्हणतात. हिंगोली जिल्ह्यातल्या या गोरेगावात माझ्यासारखी मी एकटीच, म्हणून आधी माझ्या गावाची ओळख करून देते.

मित्रांनो, आफ्रिका म्हटले की तुम्हाला ऊन आणि वाळवंट आठवते ना? माझे अदिस अबाबा मात्र उंच डोंगरात वसले आहे. आपल्याकडे श्रावण असतो तेव्हा तिथले लोक शाल पांघरून बाहेर पडतात. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी इथिओपियाच्या राणी ताइतू यांना तिथले गरम पाण्याचे झरे आवडले. त्यांनी त्या वस्तीला अदिस अबाबा, म्हणजे 'नवे फूल', असे नाव दिले. पुढे शहर वाढले आणि झाडे सरली. चुलीला लाकूड उरेना, तेव्हा राजधानीच हलवायची वेळ आली होती. मग नीलगिरीची रोपे लावली आणि शहर जागेवर राहिले. त्या नीलगिरीच्या धुरात भाजत्या कॉफीचा वास मिसळला की जुन्या गल्ल्यांत दुपार झाली असे समजायचे.

अशाच एका गल्लीत अल्माझच्या घरी मी रोज चुलीवर चढत असे. तिच्या शेजारी, तिथल्या शाळेत गणित शिकवायला गोरेगावाहून आलेले भीमराज गुरुजी आणि त्यांच्या पत्नी जनकाबाई राहत. ते गावी परतायला निघाले, तेव्हा अल्माझने मला जनकाबाईंच्या हाती दिले.

गोरेगावात माझे फार कौतुक झाले. मग मला काचेच्या कपाटात ठेवून माझ्या तोंडात प्लास्टिकची फुले खोचली. तिथे वीस वर्षे गेली. गुरुजी वारले, तेव्हाही माझ्या तोंडात तीच फुले होती.

मागच्या महिन्यात अल्माझचा फोन आला. रुंद रस्त्यासाठी दुसऱ्या दिवशी त्यांची गल्ली पाडणार होते. त्या दुपारी सगळे शेजारी तिथली शेवटची कॉफी पिणार होते. "तूही आमच्याबरोबर घे," ती म्हणाली.

जनकाबाईंनी मला धुऊन गॅसवर ठेवले. माझे बूड गोल! मी कलंडले आणि कानाचा टवका उडाला. चूल होती शेजारच्या जमनाबाईंकडे. पण त्यांच्या शेळीने जनकाबाईंचे गुलाब खाल्ल्यापासून दोघींचे बोलणे बंद होते. जनकाबाई थोडा वेळ दारातच थांबल्या. मग मला पदराखाली घेऊन निघाल्या.

"आज वाट चुकली का, बाई? माझी शेळी तं बांधलेली हाय," जमनाबाई म्हणाल्या.

"चूल पाहिजे होती."

"तुमच्याकडं गॅस हाय की!"

"त्याच्यावर ही बसत न्हाई. आन हे एकटीनं प्यायचं नसतं."

जमनाबाईंनी मला उलटसुलट करून पाहिले. त्यांनी जुन्या लुगड्याची चुंबळ वळली आणि मला तिच्यावर टेकवले. मग चूल पेटवली. इतक्या वर्षांनी आच लागल्यावर तडकेन की काय, अशी मला भीती वाटत होती.

जनकाबाईंनी सोबत आणलेले कॉफीचे कच्चे दाणे भाजले आणि तिकडच्या रीतीप्रमाणे धूर जमनाबाईंच्या तोंडापुढे फिरवला.

"माझी नजर काढून राहिल्या का?"

मग दाणे कुटून माझ्यात उकळले; मी तडकले नाही. पहिला कप पिऊन जमनाबाई म्हणाल्या, "काढा हाय हा." दुसऱ्या कपाला त्यांनी गल्लीची सगळी हकीकत विचारून घेतली. मग म्हणाल्या, "आमचा तांडा उठायचा तवा आजी चुलीचे तीन दगड बैलावर लादायची. आजा म्हने, दगड काय कुठंबी भेटतात. आजी म्हने, हे तापलेले हायत."

त्या उठू लागल्या. त्याच कॉफीत पुन्हा पाणी घालत जनकाबाई म्हणाल्या, "बसा. तिसरा घेतल्याबगर तिकडं कोणी उठत न्हाई. त्यात आशीर्वाद असतो."

"आशीर्वाद एवढा पातळ का, बाई?"

दोघी हसल्या आणि जमनाबाई पुन्हा बसल्या. तेवढ्यात फोन वाजला. अल्माझने विचारले, "एकटीच पीत नाहीस ना?"

"नाही," जनकाबाई म्हणाल्या, "शेजारीण आहे माझी."

दुसऱ्या दिवशी ती गल्ली पाडली गेली. मी आता जमनाबाईंच्या चुलीजवळ असते. रोज दुपारी जनकाबाई इकडे येतात.

मित्रांनो, जुनी वस्तू जपायची म्हणून तिला काचेआड कोंडू नका. तिला तिचे काम करू द्या. तिला धक्के लागतील, एखादा टवकाही उडेल, पण ती तुमच्या माणसांत राहील.