ओढ आणि सोड

बारा वर्षांनी जीपचा विंच घरघरला आणि सूनबाईने ग्रीसने माखलेल्या हातांनी टाळ्या पिटल्या.

"अप्पा, बोलला हो, बोलला!"

तिचे सासरे, म्हणजे अप्पा, चपला विसरून धावत आले. आयुष्यभर त्यांनी याच जीपने फसलेल्या गाड्या बाहेर काढल्या होत्या. पुढच्या बंपरवर बसवलेलं हे विजेचं यंत्र ढोलावर तारेचा दोर गुंडाळायचं आणि हत्तीएवढं ओझं ओढायचं. ते गंजून बंद पडलं, तसे अप्पाही मिटून गेले. आणि आता त्यांच्या मुलाने भंगारवाल्याला सांगून ठेवलं होतं, रविवारी एक वाजता या आणि जीप न्या.

पण सूनबाई मोटारी दुरुस्त करणारी. ती बरी गप्प बसेल! तिने नवऱ्याला गाठलं होतं. "वखारवाल्यांचा ओंडका ओढ्यात अडकलाय. रविवारी एकच्या आत आम्ही तो काढला, तर ते जीपला कायमचं काम देणार. मग विकायची नाही. कबूल?"

"ते धूड हललं तर मिशी उतरवीन," नवरा म्हणाला होता.

पंधरा दिवस तिने विंचचा पिच्छा पुरवला. त्याच्या मोटारीतले झिजलेले कार्बन बदलले, गिअरमधलं दगड झालेलं ग्रीस खरवडलं. तारा तुटलेला जुना दोर अप्पांना टाकवेना, तेव्हा तिने तो सरळ कापला आणि नवा चढवला.

रविवारी अकरा वाजता जीप ओढ्याकाठी उभी राहिली. चाकांना दगड लावले, इंजिन चालू ठेवलं, म्हणजे बॅटरी उतरू नये. ओंडक्याला रुंद पट्टा बांधून त्यात हूक अडकवला. ताणलेल्या दोरावर अप्पांनी जाड गोधडी टाकली.

"त्याला थंडी वाजते काय?" वखारवाल्यांनी विचारलं.

"तुटला तर चाबकासारखा येतो," अप्पा म्हणाले. "गोधडी त्याला खाली बसवते. चला, बाजूला व्हा सगळे!"

सूनबाई बटणांची वायर लांब घेऊन जीपच्या दाराआड उभी राहिली. ओंडका तिला तिथून दिसत नव्हता. अप्पा कडेला, दोरापासून दूर उभे राहून सांगणार होते.

"ओढ!" अप्पा ओरडले. दोर कडक झाला, ओंडका कुरकुरला. तिच्या अंगावर रोमांच उभे राहिले. तेवढ्यात पट्टा निसटू लागला. अप्पा जिवाच्या आकांताने ओरडले, "सोड! सोड!"

इंजिनाच्या घरघरीत 'स' कुठल्या कुठे विरला. तिला ऐकू आलं, 'ओढ! ओढ!' तिने बटण आणखी घट्ट दाबलं. पट्टा सुटला, हूक हवेत उसळला आणि गोधडीसकट धप्पकन खाली आला.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याने खिशातून फोन काढला. "बस्स! भंगारवाल्याला आत्ताच बोलावतो."

"मी सोड म्हणत होतो गं," अप्पा म्हणाले.

"ओढ, सोड... अहो, दोन्ही एकच की!" तिने कपाळावर हात मारला आणि मग डोळे एकदम चमकले. "अप्पा, शब्दच नकोत. तुम्ही गा, तुमचं ते देवाचं गाणं. तुमचा आवाज येतोय तोवर मी ओढणार. गाणं थांबलं, की बोट वर. ऐकू आलं नाही, तरी बोट वरच!"

"यंत्राला देवाचं गाणं?" वखारवाले हसले.

"देवाला काय, कुठूनही ऐकू जातं," अप्पा म्हणाले. पट्टा नव्याने, दोन वेढे देऊन बांधला, गोधडी पुन्हा दोरावर गेली आणि अप्पांनी सूर लावला, "ओढून घे रे दयाळा, ओढून घे..."

काय तो आवाज! इंजिनाच्या डोक्यावरून खणखणत गेला. ओंडका हलला. हातभर, दोन हात! अप्पा गप्प झाले, तिचं बोट वर. विंचची मोटार गरम झाली होती. थोडी निवू दिली. पुन्हा सूर, पुन्हा दोर. ओंडक्याचं टोक काठावर आलं. वखारवाले ताल धरू लागले.

आणि गाणं मध्येच तुटलं. बोट वर. "अप्पा! पट्टा निसटला?"

"नाही गं..." अप्पा बाहीने डोळे पुसत होते. "कंठ दाटला."

एकला दहा मिनिटं होती. नवऱ्याने घड्याळ पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि काय वाटलं कोण जाणे, स्वतःच भसाड्या आवाजात सुरू झाला, "ओढून घे रे..."

सूनबाईचं बोट तसूभर हललं नाही. "तुमचं नाही चालायचं. गाणार एकच, अप्पा!"

अप्पांना रडता रडता हसू फुटलं. हसता हसता सूर लागला, आणि ओंडका चिखल निथळत, धापा टाकत आल्यासारखा पूर्ण काठावर येऊन पडला.

"उद्या सात वाजता वखारीत या," वखारवाले म्हणाले. "गायकासकट!"

नवऱ्याने फोन लावला. "हां, भंगारवाले? नाही, जीप नाही द्यायची. येऊ नका."

"येऊ दे की त्याला," अप्पा बॉनेटवर हात फिरवत म्हणाले. "मिशी तरी घेऊन जाईल!"